डिस्क बसवली, एअर काढली, तरी लिव्हर पुन्हा खाली: जुन्या बुलेटला नव्या गाडीची चाकं आणि ब्रेक लावल्यावरचा त्रास

ड्रम ब्रेकची जुनी बुलेट, इलेक्ट्रा किंवा मॅचिस्मो लांब पल्ल्याला वापरणारे बरेच जण क्लासिक किंवा थंडरबर्डचं डिस्कवालं पुढचं चाक बसवून घेतात. सामान घाटात पाठीवर असताना ड्रमवर भरवसा ठेवण्यापेक्षा हे कधीही चांगलं. पण त्यानंतरची तक्रार ठरलेली असते. गॅरेजमधून निघताना लिव्हर दगडासारखी कडक असते, दोन-चार दिवसांत निम्म्यापर्यंत जायला लागते, आणि खंडाळ्याहून खोपोलीला उतरेपर्यंत ग्रिपला टेकते. फिटर म्हणतो, "शेठ, एअर राहिली असेल, परत काढतो." तो काढतो, लिव्हर कडक होते, आणि आठवडाभरात पुन्हा तेच.

एअर काढली की लिव्हर कडक होते, म्हणजे एअरच होती असं सगळे धरून चालतात. इथेच फसगत होते. एअर काढताना लिव्हर पंचवीस-तीस वेळा दाबली जाते, त्यात पॅड पुढे सरकून डिस्कला भिडतात. हवेचा एक बुडबुडाही नसलेल्या ब्रेकची लिव्हरसुद्धा एवढं पंपिंग केल्यावर कडकच लागेल. गाडी चालली की वाकडं फिरणारी डिस्क पॅडना पुन्हा मागे ढकलते आणि लिव्हर खाली जाते. कुठेही तेल पाझरत नसेल आणि तरी त्रास परत परत येत असेल, तर बहुतेक वेळा दोष ब्रेकमध्ये नसतोच. तो चाकात असतो: बेअरिंग, स्पेसर (ॲक्सलवर जागा भरणाऱ्या नळ्या), डिस्कची बैठक, कॅलिपरची (पॅडने डिस्क चिमटणाऱ्या भागाची) जागा. म्हणून ब्रेक ऑइलची पुढची बाटली उघडण्याआधी चाक तपासा.

आधी ही परीक्षा

गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक हवेत येऊ द्या. लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा आणि सोडा. आता लिव्हरला हात न लावता चाक हाताने आठ-दहा फेरे फिरवा, रिम दोन्ही बाजूंनी धरून आडवी हलवा, आणि मग लिव्हर एकदाच दाबा.

फिरवण्याआधी जिथे कडक लागत होती त्याच्या बरीच खाली गेली, आणि दुसऱ्या दाबात पुन्हा वर आली, तर चाक पॅडना मागे ढकलतंय. एअर काढून उपयोग नाही.

पहिला आणि दुसरा दाब सारखाच स्पंजी, पण चार-पाच वेळा पटापट दाबल्यावर हळूहळू वर येते, तर खरोखर एअर आहे.

कितीही दाबली तरी लिव्हर त्याच जागी, लांब आणि मऊ, तर मास्टर सिलिंडरचं (लिव्हरजवळच्या, तेल ढकलणाऱ्या पंपाचं) माप कॅलिपरला जुळत नाही किंवा जुना रबरी पाइप फुगतोय. पाइप बोटांत धरून दुसऱ्याला लिव्हर दाबायला सांगा. फुगणं हाताला कळतं.

एक मिनिट सारख्या जोराने दाबून धरल्यावर लिव्हर सावकाश खाली बसत गेली आणि बाहेर कुठेही तेल दिसलं नाही, तर मास्टर सिलिंडरची आतली सील गेली आहे. अशी गाडी रस्त्यावर काढू नका.

चाक पॅडना मागे ढकलतं तेव्हा

किती छोट्या चुकीने किती फरक पडतो ते पाहा. समजा कॅलिपरला २७ मिमीचे दोन पिस्टन आहेत. दोघांचं मिळून क्षेत्रफळ साधारण ११४५ चौरस मिमी. ते ०.३ मिमी मागे गेले तर सुमारे ३४३ घन मिमी तेल परत सरकतं. मास्टर सिलिंडर १४ मिमीचा असेल तर एवढं तेल भरून काढायला त्याचा पिस्टन २.२ मिमी जास्त सरकावा लागतो. लिव्हरचं गुणोत्तर ६ धरलं तर लिव्हरच्या टोकाला हे १३ मिमी होतात. नखाएवढ्या जाडीच्या हालचालीने लिव्हर बोटभर खाली जाते ती अशी.

आधी डिस्कचा आऊट, म्हणजे फिरताना ती बाजूला किती डोलते ते, मोजा. मॅग्नेट स्टँडचा डायल गेज फोर्कच्या पायाला लावा (पाय ॲल्युमिनियमचा असेल तर क्लॅम्प वापरा), टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून ५ मिमी आत टेकवा आणि चाक सावकाश फिरवा. ०.१५ मिमीच्या आत असेल तर उत्तम. ०.३ च्या वर गेला तर त्रास होणारच. गेज नसेल तर तार बांधून डोळ्याने पाहण्याचा उपाय इथे चालत नाही, कारण ०.२ मिमी डोळ्याला दिसत नाही. गेज लेथवाल्याकडे असतोच.

आऊट सापडला की लगेच डिस्क वाकडी ठरवून नवी आणू नका. डिस्क काढून हबची बैठक पाहा. भंगारातून घेतलेलं अलॉय चाक बहुतेक जण आधी पावडर कोटिंगला देतात. कोटिंगवाला डिस्क बसते ती जागा झाकत नाही, आणि रंगाचा थर तिथेही बसतो. हा थर साधारण ०.०६ ते ०.१ मिमीचा असतो, पण सगळीकडे सारखा नसतो, आणि बोल्ट आवळले की एका बाजूला दबतो, दुसऱ्या बाजूला उभा राहतो. बैठकीचा व्यास १०० मिमी असेल आणि एका कडेला ०.१ मिमी जास्त असेल, तर २८० मिमीच्या डिस्कच्या कडेला तोच फरक ०.२८ मिमी होतो. नव्या कोऱ्या डिस्कलाही!

उपाय सोपा आहे, घाई मात्र नको. बैठकीवरचा रंग पेंट रिमूव्हरने मऊ करून प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने काढा. ग्राइंडर अजिबात लावू नका, ॲल्युमिनियम खाल्लं की चाक गेलं. सपाट काचेवर ४०० नंबरचा पेपर ठेवून डिस्कची मागची बाजू साफ करा. बोल्टच्या भोकांच्या कडेला जमलेले रंगाचे कंगोरे काढा. मग बोल्ट समोरासमोर, दोन टप्प्यांत आवळा. एम ८ च्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. थ्रेडवर मध्यम ताकदीचं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारं चिकटद्रव्य) लावा. पुन्हा गेज. अजूनही आऊट असेल तर डिस्क बैठकीवर एक भोक फिरवून बसवा. आऊटची जागा डिस्कसोबत फिरली तर डिस्क वाकडी, आणि तिथेच राहिली तर हब.

कोटिंगला चाक देतानाच सांगून ठेवा: बेअरिंगची घरं, डिस्कची बैठक, ॲक्सलचं भोक आणि टायर जिथे बसतो त्या कडा टेपने झाका. लिहून द्या, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

बेअरिंग आणि मधली नळी

गेजवर आकडा बरा आला, पण रिम वर-खाली धरून आडवी हलवल्यावर खट्ट असा प्ले लागला, तर बेअरिंगकडे जा. दोन महिन्यांपूर्वीच नवी घातली आहेत असं उत्तर मिळालं तर संशय आणखी वाढवा, कारण चांगलं बेअरिंग दोन महिन्यांत जात नाही. त्याला कुणीतरी मारलेलं असतं, आणि मारेकरी बहुधा दोन बेअरिंगमधली नळी असते.

ही नळी दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगांमध्ये उभी राहते, ॲक्सलचा ताण स्वतःवर घेते. नळी आखूड असेल तर ॲक्सलचा नट आवळताना आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि गोळ्यांवर सतत आडवा दाब राहतो. बेअरिंग गरम होतं, ग्रीस जळतं, प्ले येतो, डिस्क डोलते, पॅड मागे जातात, लिव्हर खाली जाते. तक्रार ब्रेकची, कारण अर्धा मिलिमीटर आखूड नळी.

ओळखायचं असं: ॲक्सल पूर्ण टॉर्कला आवळून चाक फिरवा, मग नट अर्धा फेरा सैल करून फिरवा. सैल केल्यावर चाक स्पष्टपणे मोकळं झालं, तर नळी आखूड आहे किंवा एक बेअरिंग बैठकीपर्यंत गेलेलं नाही. (पॅड आधी काढून ठेवा, नाहीतर त्यांच्या घासण्याचा फरक मोजला जाईल.)

माप घ्यायला हबमधल्या दोन्ही बैठकींतलं अंतर डेप्थ गेजने काढा. नळी त्या अंतराएवढी किंवा ०.१ ते ०.२ मिमी जास्त हवी, कमी कधीच नको. एका बाजूचं बेअरिंग पूर्ण ठोका, नळी घाला, दुसरं बेअरिंग बाहेरच्या रिंगवर सॉकेट ठेवून ठोका, आणि आतली रिंग नळीला टेकली की थांबा. त्यापुढचा एकही हातोडा बेअरिंगचं आयुष्य खातो.

नवी नळी लेथवर करून घ्यायची तर ईएन ८ पोलादाची घ्या. नळाचा जीआय पाइप कापून घातलेली चाकं सर्रास दिसतात. त्याची तोंडं समांतर नसतात आणि भिंतही मऊ असते, त्यामुळे काही दिवसांत तो दबतो. दोन्ही तोंडं एकाच सेटिंगमध्ये फेस करायला सांगा.

ॲक्सलचा व्यास जुळत नसेल तर बुश घालण्याआधी बेअरिंगचा तक्ता पाहा. ६२०४ आणि ६३०३ दोन्हींचा बाहेरचा व्यास ४७ आणि रुंदी १४ मिमी आहे. आतला व्यास मात्र पहिल्याचा २० आणि दुसऱ्याचा १७. म्हणजे ६२०४ च्या हबमध्ये १७ मिमीचा ॲक्सल नुसतं बेअरिंग बदलून बसतो. ६००४ आणि ६३०२ दोन्ही बाहेरून ४२ मिमी, पण रुंदी १२ आणि १३, म्हणून तिथे बाहेरचे स्पेसर एका मिलिमीटरने बदलावे लागतात. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सीलचं, २ आरएस, घ्या. पावसाळ्यात मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून एकदा गाडी काढली की पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये पाणी जातंच. बेअरिंग, सील, हाय टेन्साइल बोल्ट नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळतात. जुनं बेअरिंग सोबत नेण्यापेक्षा नंबर आणि व्हर्नियरची मापं लिहून न्या.

आधी रिम मध्यावर, मग कॅलिपर

हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. पुष्कळ ठिकाणी डिस्क कॅलिपरच्या मधोमध येईल असे स्पेसर घातले जातात आणि रिम फोर्कच्या मध्यापासून बाजूला राहते. गाडी एका बाजूला ओढते, मग फोर्कवर आणि टायरवर संशय घेतला जातो.

फोर्कच्या प्रत्येक पायापासून रिमपर्यंतचं अंतर मोजा, टायरपर्यंतचं नाही. एका बाजूला ४२ आणि दुसऱ्या बाजूला ४८ मिमी आलं तर चाक ३ मिमी मोकळ्या बाजूला सरकवायचं: ४२ च्या बाजूच्या स्पेसरमध्ये ३ मिमी वाढवा, ४८ च्या बाजूचे ३ मिमी कमी करा. दोन्हींची बेरीज बदलता कामा नये, नाहीतर ॲक्सल आवळताना फोर्कचे पाय आत ओढले जातील किंवा बाहेर फाकतील. चाक सरकलं की डिस्कही ३ मिमी सरकते, म्हणून कॅलिपर नंतरच जुळवायचा. कॅलिपर आणि फोर्कच्या कानांमध्ये शिम (पातळ चकत्या) घालून जुळवता येतो, पण ३ मिमीपर्यंतच. त्याहून जास्त फरक असेल तर ब्रॅकेट बनवून घ्या. शिम घातल्यावर बोल्टही तेवढा लांब हवा. एम १० चा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये निदान १५ मिमी आत गेला पाहिजे.

ड्रमच्या फोर्कला कॅलिपरचे कान नसतातच. तिथे क्लॅम्प लावून किंवा वेल्डिंग करून कान बसवून देणारे भेटतील. ते करू नका. जोरात ब्रेक मारला की डिस्क कॅलिपरला आपल्यासोबत फिरवायला बघते, आणि तो सगळा ताण त्या दोन बोल्टांवर येतो. क्लॅम्प फिरला तर पाइप तुटतो, वेल्डिंग सुटलं तर कॅलिपर चाकात अडकतो. डिस्कवाले खालचे पाय घ्या. फोर्कच्या नळीचा व्यास, पायाची लांबी आणि ॲक्सलची जागा जुन्यांशी ताडून पाहा. तेही जुळत नसेल तर दोन्ही योकसकट (फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या वरच्या-खालच्या आडव्या जोडांसकट) अख्खा फोर्क बदला. जुन्या बुलेटला वरचा योक म्हणजे हेडलाइटचं कॅस्केटच असतं, त्यामुळे अख्खा फोर्क बदलताना मीटर आणि हेडलाइटची नवी सोय आधीच ठरवून ठेवा.

बसवताना ॲक्सलचा नट आधी आवळा. मग ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा खाली दाबा, म्हणजे पाय आपापल्या जागी बसतील. त्यानंतरच पिंच बोल्ट (फोर्कच्या पायात ॲक्सल घट्ट धरणारा) आवळा. उलट क्रमाने केलं तर फोर्क अडखळत खाली जातो आणि कॅलिपर तिरका राहतो.

कॅलिपर सरकणारा असेल तर त्याच्या दोन पिना बघा. सरकणारा कॅलिपर थोडा आऊट स्वतः पचवतो, पण पिना मोकळ्या असतील तरच. बाहेर काढल्यावर ब्रॅकेट दोन बोटांनी सरकला पाहिजे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पिना एका पावसाळ्यात गंजतात. सिलिकॉन ग्रीस लावा. साधं चासीचं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन जास्तच जाम होते. त्याच कारणासाठी कॅलिपर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ देऊ नका. ब्रेकच्या सीलचं रबर पेट्रोलियममध्ये फुगतं, पिस्टन परत येत नाही, आणि पॅड सतत घासत राहतात. धुवायला ब्रेक क्लीनर, आणि सील लावताना ताजं ब्रेक ऑइलच.

खरंच एअर असेल तर

दुसऱ्या गाडीचा कॅलिपर विरुद्ध बाजूला किंवा उलटा लावला की एअरचा निपल खाली जातो. हवा वर साठते, निपल खालून तेल सोडतो, आणि तीन बाटल्या संपल्या तरी हवा तिथेच. निपल पिस्टनच्या जागेपेक्षा वर आहे ना, एवढं पाहिलं तर अर्धे हेलपाटे वाचतात. नसेल तर कॅलिपर फोर्कवरून उतरवा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लोखंडी पट्टी द्या, निपल सगळ्यात वर येईल असा धरा आणि त्या अवस्थेत एअर काढा.

दुसरी जागा मास्टर सिलिंडरच्या बँजोची (पाइपचं टोक बांधणाऱ्या पोकळ बोल्टाच्या जोडाची). टूरिंगसाठी उंच हँडल लावलं की बँजोचं टोक तेलाच्या डबीपेक्षा वर जातं आणि हवा तिथे अडकते. हँडल असं वळवा की ते टोक खाली येईल. मग लिव्हर हलकी दाबून बँजो पाव फेरा सैल करा, लगेच आवळा, मग लिव्हर सोडा. टाकीवर फडकं टाका, ब्रेक ऑइलने रंग उडतो. सांडलंच तर भरपूर पाणी ओता.

बँजोच्या थ्रेडमध्येही चूक होते. एम १० चे बँजो १.२५ आणि १.० अशा दोन पिचमध्ये येतात. १.२५ चा बोल्ट १.० च्या भोकात दोन आटे सहज जातो, मग कडक होतो, आणि फिटर पान्याने पुढे ढकलतो. थ्रेड गेज लावून पाहा. प्रत्येक बँजोला दोन तांब्याचे वायसर लागतात, दोन टोकांना मिळून चार, आणि ते दर वेळी नवे घ्या. २५ न्यूटन-मीटर पुरेत. निपलला ६ ते ८ च, जास्त लावाल तर तो तुटून आत राहतो.

तेल डॉट ४ घ्या. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावरचा निदान १५५. जुलैमध्ये अर्धी उघडी ठेवलेली बाटली घाटासाठी निकामी समजा. २५० मिलीची बंद बाटली पुरून उरते. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका, डॉट ५.१ चालतं.

रात्रभर लिव्हर दोरीने बांधून ठेवायचा उपाय बारीक बुडबुड्यांसाठी खरा आहे. पण सकाळी कडक झालेली लिव्हर दोन दिवसांत पुन्हा बसली, तर वरच्या चाकाच्या परीक्षेकडे परत जा.

मास्टर सिलिंडरचं माप

मास्टर सिलिंडरच्या अंगावर माप कोरलेलं असतं: १४, किंवा १/२, ५/८ असं इंचात. सरकणाऱ्या कॅलिपरसाठी पिस्टनच्या व्यासांच्या वर्गांची बेरीज करा आणि मास्टरच्या व्यासाच्या वर्गाने भागा. वरच्याच २७ मिमीच्या दोन पिस्टनचं पाहू. १४ मिमीच्या मास्टरला उत्तर ७.४ येतं, अर्धा इंची म्हणजे १२.७ मिमीला ९, आणि ११ मिमीला १२. एका डिस्कच्या गाडीला ६ ते ७.५ मध्ये लिव्हर छान लागते. ९ ला लांब आणि मऊ. छोट्या गाडीचा ११ मिमीचा मास्टर लावलात तर लिव्हर ग्रिपला टेकू शकते, एअर कितीही काढा. ५/८ इंचीला ५.८ येतं; तिथे लिव्हर लाकडासारखी कडक आणि जोर जास्त. मास्टर शक्यतो कॅलिपर ज्या गाडीचा, त्याच गाडीचा घ्या.

ब्रेक धरून ठेवत असेल तर

गाडी थंड असताना ठीक, पाच-सात किलोमीटरनंतर चाक जड. डिस्क गरम असेल, हात लावू नका. चाक जाम असतानाच निपल जरासा उघडा. चाक सुटलं तर आत दाब अडकलेला आहे. सुटलं नाही तर पिना, पिस्टनची सील किंवा तिरका कॅलिपर. दाब अडकला असेल तर पुढच्या वेळी निपलऐवजी मास्टरचा बँजो सैल करा: तिथे सुटलं तर मास्टर, नाही सुटलं आणि निपलला सुटलं तर पाइप आतून सुजलेला.

मास्टरमध्ये दोष बहुधा लिव्हरचा असतो. दुसऱ्या गाडीची लिव्हर पिस्टनला विश्रांतीतही किंचित दाबून ठेवते, परतीचं बारीक छिद्र झाकलं जातं, तेल तापून फुगलं की जायला वाट नसते. लिव्हरला १ ते २ मिमी मोकळा खेळ हवा. डबीचं झाकण काढून लिव्हर हळूच दाबा. तेलात छोटं कारंजं उठलं तर छिद्र मोकळं आहे.

मागचं चाक

उजव्या गिअरच्या जुन्या बुलेटला मागे डिस्क लावू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. ब्रेकचा पेडल डावीकडे, चेन डावीकडे, स्प्रॉकेट ड्रमवरच; डिस्क लावायची तर हब, पेडल, मास्टर सगळ्याची जागा नव्याने शोधावी लागते. जोरात ब्रेक मारताना वजन पुढे जातं आणि बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा ड्रम लेथवर साफ करून, नवे शू घालून तो वर्षानुवर्षं चालतो.

डाव्या गिअरच्या गाडीला मागचं चाक बदलायचंच असेल तर चेनची रेघ आधी पाहा. पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटच्या बाजूला सरळ पट्टी लावा. २ मिमीपेक्षा जास्त फरक नको. फक्त मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या खुणा बघून चाक सरळ धरू नका, दोरी लावून दोन्ही टायर एका रेषेत आहेत का ते पाहा. कॅलिपर किंवा ड्रमची अँकर पट्टी (त्यांना चाकासोबत फिरू न देणारी) ८.८ ग्रेडच्या बोल्टने, नायलॉक नट किंवा स्प्लिट पिनसह बांधा. ही पट्टी सुटली तर चाक जागीच लॉक होतं. दर सर्व्हिसला तिच्यावर हात ठेवून पाहा.

बाकीचं थोडक्यात

पुढे ३.२५-१९ च्या जागी ९०/९०-१९ घेतलात तर उंची जवळपास तीच राहते, ६४५ मिमीच्या आसपास. मागे १२०/८०-१८ साधारण ६४९ मिमी, त्यामुळे गिअरिंग फारसं बदलत नाही. चेन आणि टायरमध्ये निदान ५ मिमी जागा मात्र हवी. पुढे १७ इंची ११०/७० लावलात तर चाक ६० मिमीने लहान होतं, पुढचा भाग ३० मिमी खाली बसतो आणि हँडल चंचल होतं. लांबच्या प्रवासाला १९ च ठेवा. कंपनीचं अलॉय आणि ट्यूबलेस थंडरबर्ड एक्सपासून, म्हणजे २०१८ पासून मिळतं.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळणाऱ्या अलीकडच्या चाकांवर दातेरी रिंग असते. ती राहू द्या, त्रास देत नाही. एबीएसचं युनिट मात्र जुन्या गाडीत जोडू नका. मास्टरपासून कॅलिपरपर्यंत सरळ स्टील ब्रेडेड पाइप टाका. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि फोर्क पूर्ण ताणून पाइपची लांबी मोजा.

स्पीडोमीटरची केबल जुन्या हबमधून येत असेल तर नव्या हबला तसाच ड्राइव्ह हवा. त्याच्या रिंगेचे कान हबच्या खाचांत बसले आहेत ना हे पाहूनच ॲक्सल आवळा, नाहीतर ते चिरडतात. पुढच्या लिव्हरला ब्रेक लाइटचा स्विच जोडायला विसरू नका, जुन्या गाड्यांत ती वायर नसते. आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळ गाडीशी विसंगत होईल असा बदल चालत नाही, म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि भंगारातल्या चाकाचंही बिल घ्या.

बसवल्यानंतर

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावल्याशिवाय घाटात जाऊ नका. पहाटे पाम बीच रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने वीस-तीस वेळा वेग कमी करा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा किलोमीटर थंड होऊ द्या. पूर्ण थांबून गरम डिस्कवर पॅड दाबून धरू नका, त्या जागी ठसा उमटतो आणि लिव्हर थरथरते.

१०० किलोमीटरनंतर ॲक्सल, कॅलिपर, डिस्क आणि अँकर पट्टीचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. ५०० ला पॅड काढून दोन्ही टोकांची जाडी मोजा. एक टोक दुसऱ्यापेक्षा ०.५ मिमीहून जास्त झिजलं असेल तर कॅलिपर तिरका आहे, शिम पुन्हा लावा. त्याच वेळी चाक फिरवून पहिल्या दाबाची परीक्षा पुन्हा घ्या. लिव्हर जागेवर राहिली तर कसाऱ्याला निघायला हरकत नाही.